सायकलचं सामान: घरी काय जुळवायचं, ऑनलाइन काय मागवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात रंकाळ्यावर, विद्यापीठाच्या रस्त्याला किंवा पन्हाळ्याच्या चढाला दम खाताना लोक जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय. उत्तरं आपल्या रस्त्यांना, आपल्या पावसाला आणि बेताच्या खिशाला धरून आहेत. कार्बन फ्रेम आणि इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांना यात फारसं काही मिळणार नाही. साधी गिअरची सायकल, मुलांची सायकल आणि आजोबांची काळी सायकल, एवढाच विषय.

घरी काय करायचं आणि विकत काय घ्यायचं, हे ठरवायचं कसं?

चालत्या सायकलवर ती वस्तू तुटली तर काय होईल, एवढंच स्वतःला विचारा. बाटलीचा होल्डर तुटला तर बाटली पडेल, थांबून उचलाल. पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना ब्रेकची वायर निसटली तर थांबणं तुमच्या हातात राहत नाही. ब्रेक, चिमटा (पुढचं चाक धरणारा), हँडल, स्टेम (हँडल धरणारा भाग), क्रँक (पायडलचा दांडा), पायडल, सीटपोस्ट (सीटखालची नळी) आणि हेल्मेट हे चांगलं बघून विकतच घ्यायचं. पिशव्या, मागचं मडगार्ड, होल्डर, पट्टे, सीटकव्हर, दिव्याचे क्लॅम्प हे सगळं घरचं चालतं.

दोन गोष्टी मात्र फसव्या आहेत. एक पुढचं मडगार्ड. दिसायला किरकोळ, पण सैल होऊन चाक आणि चिमट्यात अडकलं की चाक जागेवर जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो. दुसरं म्हणजे लहान मुलाचं सीट. ते घरी वेल्डिंग करून घेणारे हौशी लोक आहेत. मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाणार नाही याची पक्की सोय नसेल, तर तसलं काही करूच नका.

सुरुवातीला हत्यारं कोणती लागतील?

८, ९, १०, १३, १४ आणि १५ नंबरचे पान्हे, ४-५-६ च्या एलन की, एक स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकचे टायर लिव्हर, पंक्चरचं सोल्यूशन आणि पॅचेस. १५ चा पान्हा पातळ जबड्याचा घ्या, नाहीतर पायडल आणि क्रँकच्या फटीत जात नाही. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. नवशिके लोक जोर लावून आटे घालवतात ते इथंच.

या सगळ्यांहून जास्त उपयोगाचं हत्यार म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. ऑनलाइन साधा प्लास्टिकचा मिळतो, आणि एक भाग जरी चुकीच्या मापाचा यायचा वाचला तरी त्याचे पैसे वसूल. नसेलच घ्यायचा तर उद्यमनगरात कोणत्याही लेथवाल्याकडे भाग घेऊन जा. ‘जरा माप बघून सांगता काय?’ म्हटलं की हातातलं काम ठेवून माप सांगणारी माणसं आहेत तिथं.

पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उठते. स्वस्तात मडगार्ड कसं करू?

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे पांढरे कॅन रिकामे पडलेले असतात. तो प्लास्टिकचा पत्रा यासाठी उत्तम, वाकतो पण मोडत नाही. खाद्यतेलाचे पारदर्शक कॅन घेऊ नका, ते वाकवले की तडकतात. आणि शेतात फवारणीच्या औषधाचे कॅन पडलेले असले तरी त्यांना हात लावू नका, कितीही धुतले तरी.

कॅनच्या सपाट बाजूतून साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि ३५ ते ४० सेंटीमीटर लांब पट्टी कापा. टोकं गोल करा, कडा पॉलिश पेपरनं घासा. मधोमध लांबीच्या दिशेनं बोथट चाकूच्या पाठीनं रेघ ओढून हलकी घडी पाडा. या घडीमुळं पट्टी ताठ राहते आणि खाली लोंबत नाही. मग ती उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून टायरच्या गोलाईला वाकवा आणि गार होईपर्यंत तशीच दाबून ठेवा. भोकं पाडायला खिळा तापवा. सीटपोस्टला आणि फ्रेमला केबल टाय लावून बांधा. टायर आणि पट्टी यांच्यात एक बोट सहज फिरलं पाहिजे, कारण पावसात पन्हाळ्याची तांबडी माती टायरला थर धरते आणि जागा कमी ठेवली की चाक घासायला लागतं.

पुढच्या चाकाला फ्रेमच्या खालच्या नळीवर वरच्या बाजूनं बांधायची छोटी पट्टी तेवढी करा. चाकापासून लांब असते आणि तोंडावर, चेनवर उडणारा बराच चिखल अडवते.

बाजारहाट करायला पिशवी किंवा पेटी हवीय.

कॅरियर विकत घ्या. त्यावर किती किलो चालतं ते कोरलेलं असतं, बऱ्याच कॅरियरवर २५ किलो लिहिलेलं दिसेल. पेटी मात्र घरी करण्यात मजा आहे.

पेंडेचं विणीचं पोतं घ्या, ज्याला आतून प्लास्टिकचा थर असतो ते. दुहेरी घडी करून मोटारसायकलच्या सीटकव्हरवाल्याकडं शिवायला द्या. त्याच्याकडं जाड सुई असते, रेक्झिनचे उरलेले तुकडे असतात आणि पट्टे लावायची सवय असते. बॅग शिवणाऱ्या साध्या शिलाई यंत्रावर पोत्याच्या चार पदरांना सुई मोडते. पिशवीची चाकाकडची बाजू ताठ हवी, म्हणून आत पातळ प्लायवूड किंवा जुन्या परीक्षा पॅडचा तुकडा सरकवा. ही बाजू मऊ राहिली की पिशवी फुगून तारांत शिरते.

लटकवायला सगळ्यात भक्कम उपाय आपल्या गवळ्यांकडं आहे. दुधाच्या किटल्या कॅरियरला अडकवायच्या लोखंडी पट्टीच्या आकड्या बघितल्या असतील. तशाच, पण लहान, दोन आकड्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्या आणि पिशवीच्या प्लायला नट-बोल्टनं बसवा. आकड्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की खडखडाट थांबतो. खालून एक रबरी पट्टा कॅरियरच्या पायाला ओढून घ्या, म्हणजे खड्ड्यात पिशवी उडून सुटणार नाही.

शेवटचं एक. पिशवी कॅरियरवर जितकी मागं सरकवता येईल तितकी सरकवा, नाहीतर पायडल मारताना टाच लागते. बोल्ट कायमचे घट्ट करायच्या आधी बसून दहा-वीस पायडल मारून बघा.

चामड्याची पिशवी करून घेतली तर?

दिसायला लाखात एक. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बुरशी येते आणि मग उन्हात वाळून कडक होते. सीटखालची छोटी हत्यारांची पिशवी किंवा पट्टे करायचे तर जवाहरनगर, सुभाषनगरकडच्या कारागिरांना उरलेल्या तुकड्यांतून करून मागा. पावसाळाभर काढून ठेवा.

जुनी ट्यूब फेकू का?

अजिबात नाही. आडवे काप घेतले की निरनिराळ्या जाडीचे रबर बँड होतात. लांब पट्टी कापून मागच्या चेनजवळच्या फ्रेमच्या नळीला गुंडाळली की चेन आपटून रंग जात नाही. दिवा, बेल, पंप, काहीही क्लॅम्प करायचं असलं की खाली ट्यूबचा तुकडा द्या, घसरत नाही.

काहीजण जुन्या टायरच्या कडा कापून तो नव्या टायरमध्ये अस्तर म्हणून घालतात. बाभळीच्या काट्यांना उपाय म्हणून ठीक आहे, पण सायकल जड होते आणि अस्तराच्या कापलेल्या कडा ट्यूबला घासून स्वतःच पंक्चर करतात. करायचंच तर कडा घासून पातळ करा आणि भरपूर पावडर मारा.

बाटलीचा होल्डर?

फ्रेमवर दोन बोल्ट असतील तर त्यांच्यातलं अंतर ६४ मिलिमीटर असतं आणि बोल्ट एम-५ मापाचे. साधा होल्डर इतका स्वस्त मिळतो की घरी करण्यात अर्थ नाही. फ्रेमवर बोल्टच नसतील तर इलेक्ट्रिकच्या दुकानात पाइप भिंतीला धरायचे पीव्हीसी क्लॅम्प मिळतात. ते ट्यूबच्या तुकड्यावर बसवून त्यालाच होल्डर जोडा. हेच क्लॅम्प पंप, टॉर्च, अगदी छत्री धरायलाही चालतात. (छत्री धरून सायकल चालवू नका, नुसती अडकवा.)

रात्री दिसण्यासाठी कमी खर्चात काय करता येईल?

नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडं जा. कापून उरलेल्या पट्ट्या तो चहाच्या पैशात देतो, कधी फुकटही. लाल मागं, पांढऱ्या पुढं. पण खरी जागा आहे पायडल आणि क्रँकचे दांडे. वर-खाली हलणारी चमक बघितली की मागच्या चालकाला हे सायकलचं प्रकरण आहे हे लगेच कळतं. रिमच्या बाजूलाही चार तुकडे लावा, गल्लीतून आडवं येणाऱ्याला तेच दिसतात. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसा.

रेडियम दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतो, त्यामुळं मागं एक लाल दिवा आणि पुढं एक पांढरा दिवा स्वतःचा हवाच. पुढच्यासाठी घरातला टॉर्च पीव्हीसी क्लॅम्पवर चालतो, पण तोंड थोडं खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय रस्त्यात उभ्या असतात. तिथं आपल्याला दिसणंही तेवढंच महत्त्वाचं, म्हणून पुढच्या दिव्यात काटकसर नको.

मोबाइल होल्डर घरी करू का?

नको. खड्ड्यात मोबाइल उडाला की वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट गेले. चारही कोपरे धरणारा विकतचा घ्या.

सीट खाली सरकत राहते. सीटपोस्ट बदलू का?

आधी क्लॅम्पचा बोल्ट आणि आटे बघा. ते ठीक असतील तर सीटपोस्ट एका मापानं बारीक असण्याची शक्यता आहे. सीटपोस्टवर खाली २५.४, २७.२ असा आकडा कोरलेला असतो आणि मापं ०.२ मिलिमीटरच्या फरकानं येतात. फरक इतकाच असेल तर कोल्ड्रिंकच्या अल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा कापा. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एक वेढा दिला की व्यासात ०.२ भरून निघतात. दोन-तीन वेढे लागत असतील तर जुगाड थांबवा आणि बरोबर मापाचा सीटपोस्ट मागवा. कोणत्याही परिस्थितीत किमान खोलीची जी खूण कोरलेली असते तिच्यावर सीटपोस्ट काढू नका.

चेनला गाडीचं जळकं ऑइल चालतं ना? सगळे लावतात.

लावतात, आणि चेन आणि चकत्या (चेन बसते ती दातेरी चाकं) लवकर घालवतात. त्या ऑइलमध्ये इंजिनातली घाण असते, वर ते चिकट, त्यामुळं रस्त्याची धूळ धरून ठेवतं. रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन धुवा, फडक्यानं कोरडी करा, थोडी वाळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एक एक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. पावसात हे तेल लवकर धुऊन जातं, तेव्हा भिजून आल्यावर पुन्हा लावावं लागतं. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा थेंब डिस्कवर जाता कामा नये.

चेन झिजली का, हे स्टीलच्या फूटपट्टीवर कळतं. एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवा. तिच्यापुढची २४ वी पीन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. दीड मिलिमीटर पुढं गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली असेल तर मागच्या चकत्याही गेल्याच समजा.

‘२६ चा टायर’ मागवला तर बसला नाही. असं कसं?

ऑनलाइन खरेदीत सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून जरा सविस्तर. टायरवर इंचातला जो आकडा असतो तो नुसतं बोलायला ठीक आहे. जुळवायचा तो टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला दोन भागांचा आकडा, उदाहरणार्थ ४७-५५९. यातला पहिला म्हणजे टायरची रुंदी आणि दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

२६ × १.७५ किंवा २६ × १.९५ अशा दशांशातल्या माउंटन बाइकच्या टायरचा व्यास ५५९ असतो. २६ × १ ३/८ अशा अपूर्णांकातल्या टायरचा ५९०. दोन्ही ‘२६’, आणि फरक ३१ मिलिमीटरचा. तसंच जुन्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, तर ७०० सी म्हणजे ६२२, आणि ‘२९’ म्हणून विकतात तोही ६२२ च. २७.५ चा ५८४, मुलांच्या सायकलींत २४ × १.७५ चा ५०७ आणि २० × १.७५ चा ४०६.

दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्यात थोडी सवलत आहे. ४७ च्या जागी ५० चालेल, फक्त फ्रेम, मडगार्ड आणि ब्रेकला घासत नाही ना ते बघा. कडेचे आकडे पुसले गेले असतील तर रिमच्या आतली पट्टी सरकवा, बऱ्याचदा तिथं आकडा मिळतो. विकणाऱ्यानं हा आकडा दिलाच नसेल तर प्रश्न विचारा, उत्तर आलं नाही तर दुसरीकडं बघा.

ट्यूब मागवताना काय बघायचं?

ट्यूबवर २६ × १.७५ ते २.१२५ अशी रेंज छापलेली असते, आपला टायर त्यात बसला की झालं. मग वॉल्व. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व असेल तर रिमचं भोक साधारण ८.५ मिलिमीटरचं असतं, बारीक लांबट वॉल्वला ६.५. बारीक वॉल्व जाड भोकात आधार देऊन चालवता येतो, उलटं होत नाही. आणि रिमला भोक मोठं करायला ड्रिल मारायचा विचार असेल तर तो सोडा, रिम कमकुवत होते. ट्यूब मागवलीच तर दोन मागवा.

२१ गिअरची चेन मिळत नाहीये.

मिळणारही नाही. मागच्या चकत्या मोजा. पुढं ३ आणि मागं ७ म्हणजे २१, आणि चेन मागवायची ती ७ ची. ६, ७ आणि ८ गिअरला एकच चेन चालते, ९ पासून पुढं चेन बारीक होत जाते. बिनगिअरच्या सायकलची चेन वेगळी, जाड, १/२ × १/८ इंच. गिअरवाली १/२ × ३/३२. जुन्या चेनच्या कड्या मोजून ठेवा, नवी बहुतेक ११६ कड्यांची येते आणि जास्तीच्या काढाव्या लागतात. चेन तोडायचं हत्यार नसेल तर दुकानात नेऊन करून घ्या. सोबत क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) मागवा, तीही त्याच गिअरच्या मापाची.

मागची चकती मागवायची आहे. फ्रीव्हील म्हणू की कॅसेट?

चाक काढून चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांकडं बघा, जिथं पुलर (चकत्या सोडवायचं हत्यार) बसतो. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. आपल्याकडच्या ६-७ गिअरच्या स्वस्त सायकलींत बहुतेक फ्रीव्हीलच निघतं. ते हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यानं बसलेलं असतं आणि चालवून चालवून इतकं आवळतं की पुलर आणि लांब पान्ह्याशिवाय सुटत नाही. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळेला स्वतःलाच दुवा द्याल.

सायकल उजवीकडं पडली आणि गिअर नीट पडेना. हँगर नावाचा भाग मागवायला सांगतात.

मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) फ्रेमला ज्या छोट्या अल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल पडली की त्यानं वाकायचं किंवा मोडायचं आणि फ्रेम वाचवायची, हेच त्याचं काम. अडचण अशी की त्याचे शेकड्यांनी आकार आहेत आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचेही जुळत नाहीत.

तो काढा, पांढऱ्या कागदावर फूटपट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. भोकं किती, त्यांच्या मध्यांमधलं अंतर किती, बोल्ट आतून येतो की बाहेरून, हे लिहा. मग ऑनलाइन चित्राशी पडताळा. डिरेलरचा आटा बहुतेक ठिकाणी एम-१० × १ असतो, बाकी सगळं वेगवेगळं. सापडला की दोन घ्या, पुढच्या वर्षी तेच मॉडेल मिळेल याची खात्री नाही.

कुठंच मिळाला नाही तर हे कोल्हापूर आहे. उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जुन्या नमुन्यावरून अल्युमिनियमच्या प्लेटमधून तो कापून देणारे मिळतील. एकाच नगाला ते कदाचित तयार होणार नाहीत, ओळखीच्या चार जणांचे एकदम न्या. फक्त ‘भक्कम करा, स्टीलमध्येच करा’ असं सांगू नका. स्टीलचा हँगर वाकत नाही, मग फ्रेम वाकते.

ब्रेक पॅड ऑनलाइन मागवावेत का?

डिस्कचे मागवा, कारण आकार नेमका जुळावा लागतो आणि इथं सगळे आकार मिळत नाहीत. जुना पॅड काढून फोटोशी पडताळा, ब्रेकच्या कॅलिपरवर (पॅड धरणाऱ्या भागावर) मॉडेल नंबर असेल तर तोच शोधा. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची सूचना कोरलेली असेल तर मेटलचे पॅड लावू नका, डिस्क झिजते. रिमवर दाबणाऱ्या साध्या ब्रेकचे रबर लक्ष्मीपुरीत किंवा जवळच्या दुकानात हात लावून, वाकवून बघून घ्या. काढण्याआधी वायसर कोणत्या क्रमानं लागलेत त्याचा फोटो काढा. ते आतबाहेर गोलाईचे असतात आणि क्रम चुकला की पॅड तिरका बसतो.

ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, कसं ओळखायचं?

नामांकित कंपनीचा भाग निम्म्या किमतीला दिसला तर आधी संशय घ्या, मग आनंद. आयात मालावर कोणत्या देशात बनला ते आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला असायला हवा. जाहिरातीतही मूळ देश दिलेला असायला हवा. हेल्मेटवर सायकलसाठीचं ईएन १०७८ प्रमाणपत्र बघा, आणि वापरलेलं हेल्मेट कधीच घेऊ नका, एकदा आपटलेल्या थर्माकोलची चीर बाहेरून दिसत नाही.

रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले सोडा. दोन-तीन तारेवाल्यांनी फोटोसकट काय लिहिलंय ते वाचा, त्यांची तक्रार नेमकी असते. ‘डिलिव्हरी लवकर आली’ याचा चेनच्या टिकाऊपणाशी काही संबंध नाही.

किमतीचं आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एमआरपी जुनी छापलेली असली तरी बिलात कर ५ टक्केच लागलाय ना, बघा.

चुकीचा भाग आला आणि विकणारा ऐकत नाही. काय करायचं?

पाकीट फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायची सवय लावा, सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे. माप पडताळल्याशिवाय भाग बसवू नका, ग्रीस लागलं की परतीचा विषय संपतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तक्रार ऑनलाइनही करता येते. पाचशेच्या खालच्या वस्तूसाठी कोण एवढं करणार म्हणाल, पण १९१५ ला फोन केल्यावर पैसे लवकर परत येतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

‘पार्सल अडकलंय, लिंकवर पाच रुपये भरा’ असा मेसेज आला तर काही भरू नका. ओटीपी पार्सल हातात आल्यावरच सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

परदेशातून थेट मागवलं तर स्वस्त पडतं म्हणे?

भाग स्वस्त, वर कस्टम ड्युटी, वर वाट बघणं, आणि चुकीचा आला तर परत पाठवायचा खर्च भागाहून जास्त. इथं अजिबात न मिळणाऱ्या वस्तूसाठीच.

मग गावातल्या दुकानातून काय घ्यायचं?

ट्यूब, ब्रेक-गिअरच्या वायरी, छर्रे, एक्सल, तारा, नट-बोल्ट, कॉटर पीन (जुन्या सायकलची क्रँक धरणारी). यांचं शिपिंगच वस्तूइतकं होतं, आणि छर्रे तर सायकल दुरुस्तीचे मामा चिमटीत धरूनच सांगतात कुठल्या हबचे ते. ऑनलाइन मागवायचं ते गिअरचे भाग, डिस्क पॅड, हँगर, मापातले सीटपोस्ट, चांगले दिवे, हेल्मेट. शिपिंग वाचवायला दोघाचौघांची यादी एकत्र करून एकदाच ऑर्डर टाका.

ऑनलाइन आणलेला भाग मामा बसवून देतील का?

देतील, विचारायची पद्धत हवी. भाग मागवायच्या आधीच जाऊन बोला: ‘मामा, हे तुमच्याकडं मिळतंय का? नसलं तर मी मागवतो, बसवायचं काय घ्याल?’ बऱ्याचदा तेच सांगतात की हा मागवू नकोस, तो मागव. आणि बसवायच्या मजुरीत घासाघीस करू नका. भागावरचा नफा त्यांना मिळालेला नाही, हाताचे तरी मिळू द्या.

आजोबांची काळी सायकल चालू करायची आहे. सामान मिळतं का?

आनंदानं मिळतं. लुधियानाचे कारखाने हे भाग आजही काढतात आणि आपल्या पेठांतल्या जुन्या दुकानांत ते असतात. टायर २८ × १ १/२, म्हणजे ६३५. वॉल्वमधली रबरी नळी वाळून गेलेली असते, ती आधी बदला. ‘ट्यूब हवा धरत नाही’ म्हणून नवी ट्यूब घ्यायला निघालेल्या बऱ्याच लोकांचं काम त्या इतकुशा नळीवर भागतं. दांड्यांच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतं, त्यामुळं रिमच्या आत गंज असेल तर तो घासून काढा. क्रँक खडखडत असेल तर कॉटर पीन बदला. डावी-उजवी एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकच्या खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, नाहीतर सगळा मार छर्र्यांवर जातो.

पावसाळ्यासाठी काय आणि कधी मागवून ठेवावं?

मे अखेरपर्यंत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं आणि वाहतूकच थांबली, मग पार्सल कुठून येणार? ब्रेक पॅडचा एक जोड, वायरींचा एक संच, एक चेन आणि तेलाची बाटली घरात असू द्या. वायरींच्या टोकांना टोप्या आहेत का बघा, नसतील तर तिथून पाणी आत जाऊन वायर गंजते. सीटवर घालायला अंघोळीची प्लास्टिकची टोपी उत्तम. टायरमधली हवा पावसात कडेला छापलेल्या मर्यादेच्या थोडी खालच्या बाजूला ठेवा, पकड बरी मिळते.

ई-सायकलचं किट बसवता येईल का?

विषय वेगळा आहे, त्यामुळं थोडक्यात. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच नोंदणी-लायसन्सची भानगड नाही. त्याहून जोरदार किट विकायला आहेत, पण ते लावलेली सायकल कायद्यानं मोटार वाहन ठरते. बॅटरी भंगारातल्या सेलची घेऊ नका आणि ब्रेक आधी बदला, मोटर नंतर.